सात जणांची गाडी सात जणांना बसवूनच निवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुटुंबासाठी मोठी गाडी घ्यायची म्हटले की हल्ली चर्चा थेट कोणती एसयूव्ही घ्यायची इथूनच सुरू होते. मिनीव्हॅनचे, म्हणजे बुटक्या तळाच्या आणि सरकत्या दारांच्या कौटुंबिक गाडीचे, नाव कोणी काढलेच तर तिला रुबाब नाही म्हणून विषय संपतो. वाहनविषयक पुरवण्यांतली परीक्षणेही बहुधा रिकामी गाडी एकट्याने चालवून लिहिलेली असतात. त्यांत इंजिनाचा जोर असतो, वळणावरचा तोल असतो, डॅशबोर्डवरच्या पडद्याचा आकार असतो. पण सात सीटच्या गाडीचे खरे काम ती भरल्यावर सुरू होते. शेवटच्या रांगेत कोण बसणार, तो तिथवर पोहोचणार कसा आणि सगळे बसल्यावर बॅगा कुठे राहणार, हे तीन प्रश्न आधी विचारले, तर रोजच्या कौटुंबिक वापरासाठी मिनीव्हॅन बरीच सरस ठरते. हे मत केवळ आवडीचे नाही, गाडीच्या रचनेतच त्याची कारणे आहेत.

मिनीव्हॅनचे बहुतेक गुण एकाच गोष्टीतून आलेले आहेत: तिचा तळ जमिनीच्या जवळ आणि सपाट असतो. इंजिन आडवे बसवलेले आणि जोर पुढच्या चाकांना. त्यामुळे मागच्या चाकांना जोर नेणारा तळाखालचा लांब दांडा (प्रोपेलर शाफ्ट) नाही आणि तो जोर दोन चाकांत वाटणारा मागचा गिअरचा गोळा (डिफरन्शियल) नाही. १९८४ च्या मॉडेलवर्षात अमेरिकेत क्रायस्लरच्या कॅरॅव्हॅन आणि व्हॉयेजर आल्या, त्याच वर्षी युरोपात रेनोची एस्पास आली. दोन्हींत इंजिन आणि चालणारी चाके पुढेच होती, म्हणून मागची सगळी जागा माणसांसाठी मोकळी राहिली. एसयूव्हीचा वंश वेगळा. लॅडर फ्रेमच्या गाडीत आधी चासीचे दोन जाड लांब बीम, त्यांवर बॉडी, आणि मागचा ॲक्सल खड्ड्यात वरखाली व्हावा म्हणून त्याच्या डोक्यावर मोकळी जागा. आजच्या बऱ्याच एसयूव्ही मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या चासीशिवाय बॉडी हाच सांगाडा असलेल्या, असतात हे खरे. पण चारही चाकांना जोर पोहोचवायची सोय ठेवायची आणि ग्राउंड क्लिअरन्स (तळाची जमिनीपासूनची उंची) राखायचा, म्हणून मागचा तळ वरच राहतो.

हे सगळे भोगतो तो तिसऱ्या रांगेत बसणारा. तळ वर आणि छत मात्र तेवढेच, त्यामुळे सीटची गादी तळापासून फार उंच ठेवता येत नाही. मोठा माणूस तिथे बसला की गुडघे छातीकडे येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. पाच मिनिटांत हे कळत नाही, अर्ध्या तासात मात्र चुळबूळ सुरू होते. तपासणी सोपी आहे. तिसऱ्या रांगेत बसून पाय तळावर सपाट ठेवा आणि मांडी व गादी यांच्यामध्ये तळहात घालून बघा. हात सहज आरपार जात असेल, तर ती सीट लहान मुलांसाठीच आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो. हे करताना दुसरी रांग तिथे बसणाऱ्या माणसाच्या सोयीने मागे सरकवलेली हवी. शोरूममध्ये ती बहुतेक वेळा पुढे ढकलून ठेवलेली असते.

आता डिकी. मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेच्या मागे तळात खोल खड्डा असतो. सामान जास्त असेल तेव्हा तिसरी रांग मागे उलटून त्या खड्ड्यात जाते आणि वर सपाट जागा मिळते. रांग उभी असेल तेव्हा तोच खड्डा डिकी होतो. एसयूव्हीत तिसरी रांग पुढच्या बाजूला दुमडून तळावर आडवी होते, म्हणून तिच्यामागे खोली उरत नाही. एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो. टोयोटाच्या २०२३ च्या मॉडेलांत हायलँडर या एसयूव्हीत तिसरी रांग उभी असताना मागे सुमारे ४५० लिटर जागा होती, तर सिएना या मिनीव्हॅनमध्ये सुमारे ९५०. लांबीतला फरक मात्र वीतभर. आणि २.५ लिटरची हायब्रिड यंत्रणा असलेल्या, पुढची चाके चालवणाऱ्या या दोन्ही गाड्यांचे अमेरिकी सरकारी चाचणीतले सरासरी मायलेज एकच होते: ३६ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला सुमारे १५ किलोमीटर. मोठी डिकी म्हणजे जास्त इंधन, ही समजूत निदान इथे तरी टिकत नाही.

माहितीपत्रकातले लिटरचे आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा सगळ्या सीट दुमडल्यावरचा असतो, कुटुंबाला त्याचा उपयोग वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी. दुसरे म्हणजे मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. कोणी छतापर्यंत मोजतो, कोणी सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंत, कोणी ठरावीक मापाचे ठोकळे रचून. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवण्यापेक्षा टेप घेऊन जावे. तिसरी रांग उभी करून तिच्या पाठीपासून बंद डिकीच्या दारापर्यंतचे अंतर तळालगत मोजा आणि पुन्हा सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला मोजा. वरचे माप नेहमी कमी येते, कारण सीट मागे कललेली असते आणि काच पुढे झुकलेली. खालचे माप पस्तीस सेंटिमीटरच्या आत असेल, तर मोठी बॅग आडवी राहत नाही. ती उभी ठेवली तर दार लावताना काचेला अडते. मग ती मांडीवर किंवा दोन सीटमधल्या वाटेत येते, आणि जोरात ब्रेक लागला की तिथूनच पुढे फेकली जाते.

दारांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण रोजच्या वापरात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. बिजागरीचे दार पूर्ण उघडायला गाडीच्या बाजूला मीटरभर जागा लागते. पार्किंगमध्ये ती मिळत नाही, म्हणून दार अर्धवट धरून त्या फटीतून झोपलेले मूल बाहेर काढायचे, आणि तेवढ्यात दाराची कड शेजारच्या गाडीला लागते. सरकते दार आधी वीतभर बाहेर येते आणि मग बॉडीला समांतर मागे जाते. मूल स्वतः दार उघडत असेल तरी शेजारच्या गाडीला धक्का लागत नाही. बाजूने येणाऱ्या सायकलस्वाराच्या अंगावर दार उघडले जाण्याचा अपघातही मागच्या सीटपुरता टळतो. मात्र एक धोका वाढतो आणि तो फारसा कोणी सांगत नाही. बिजागरीचे दार उघडले की मागून येणाऱ्या चालकाला ते दिसते, सरकते दार उघडलेले चटकन लक्षात येत नाही आणि मूल थेट रस्त्यावर उतरते. म्हणून रहदारीच्या बाजूच्या दाराचे चाइल्ड लॉक कायम लावलेले असावे आणि मुलांची चढउतार पदपथाच्या बाजूनेच करावी.

सरकते दार बिघडते कसे, हेही घेण्याआधी माहीत हवे. दार तीन ठिकाणी रोलरवर चालते: वर, खाली आणि मागच्या बॉडीवर मधोमध. खालच्या रुळात वाळू, खडे आणि खाऊचे तुकडे साठतात. रोलर अडखळतो, विजेवर चालणाऱ्या दाराच्या मोटरला वाटते की मध्ये कोणी अडकले आहे, आणि दार मध्येच थांबते किंवा परत फिरते. मालक मोटर बदलायला निघतो, दोष मात्र रुळात असतो. महिन्यातून एकदा रूळ व्हॅक्यूमने साफ करावा, कोपऱ्यातला चिकट मळ जुन्या टूथब्रशने काढावा, कोरड्या कापडाने पुसावा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच वंगण रोलरला अगदी थोडे लावावे. रुळात घट्ट ग्रीस भरू नये, त्याला धूळ चिकटून त्याची सहाणच होते. मधल्या रोलरचे बेअरिंग झिजले की दार मागच्या टोकाला किंचित खाली बसते आणि बंद होताना खट् असा आवाज येतो. तेव्हाच रोलर बदलला तर काम थोडक्यात होते. थांबलो तर लॅच आणि दार ओढणारी केबलही जाते. तिसरे कारण बॅटरीचे. बारा व्होल्टची बॅटरी कमजोर झाली की पहिली तक्रार पुष्कळदा विजेची दारेच करतात. आणि उतारावर गाडीचे नाक खाली असेल, तर अर्धवट उघडलेले दार स्वतःच्या वजनाने पुढे येऊन बंद होते. दार शेवटपर्यंत नेऊन अडकले आहे याची खात्री झाल्याशिवाय मुलाला पाय टाकू देऊ नये.

चढउताराची उंचीही मोजण्यासारखी आहे. मिनीव्हॅनचा तळ साधारण जिन्याच्या दोन-अडीच पायऱ्यांइतका उंच असतो. लॅडर फ्रेमच्या एसयूव्हीत त्याहून एक पायरी जास्त चढावी लागते, म्हणून बाजूला फूटबोर्ड लावतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सगळ्यात सोपी सीट ती, जिच्यावर चढावेही लागत नाही आणि जिच्यात खाली बुडावेही लागत नाही: नुसते मागे टेकले की बसता येते, मग पाय आत घ्यायचे. मिनीव्हॅनची दुसरी रांग या बाबतीत छोट्या मोटारीपेक्षाही सोयीची असते. आधारासाठी दाराच्या खांबावर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर हँडल आहे का ते बघा. नुसते छतातले हँडल वृद्धांच्या कामाचे नाही.

लहान मुलांची चाइल्ड सीट शोरूममध्ये घेऊन गेल्याशिवाय गाडी ठरवू नका. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या, कड्या कोणत्या सीटवर आहेत, चाइल्ड सीटचा वरचा भाग मागे बांधणारा टॉप टेदरचा पट्टा अडकवायची जागा कुठे आहे, तिसऱ्या रांगेत यांपैकी काही आहे का, हे डोळ्यांनी बघून घ्या. अनेक एसयूव्हीत तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेतली सीट पाठ दुमडून उलटवावी लागते. तिच्यावर चाइल्ड सीट बसवलेली असेल तर ती उलटत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी चाइल्ड सीट काढा किंवा मोठ्या मुलाला डिकीतून आत पाठवा. मिनीव्हॅनमध्ये दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र सीट असतील तर मधल्या वाटेने मागे जाता येते. काही गाड्यांत चाइल्ड सीटसकट ती सीट पुढे सरकते. हे त्या गाडीत खरोखर होते का, तेवढे करून दाखवायला सांगा. आयसोफिक्सवर मूल आणि चाइल्ड सीट मिळून वजन ३३ किलोच्या वर जाऊ नये. त्यानंतर मोठ्या मुलाच्या सीटसाठी गाडीचा बेल्टच वापरायचा. आणखी एक बारकावा: ज्या मिनीव्हॅनच्या तळात झाकणाचे कप्पे आहेत, तिथे चाइल्ड सीटचा खाली टेकणारा सपोर्ट लेग त्या झाकणावर ठेवू नये. टकरीत झाकण खचले की पाय आत जातो आणि सीट पुढे झुकते. काही कंपन्या कप्प्यात भरायचा ठोकळा देतात, काही तिथे अशी सीट लावायलाच मनाई करतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेले असते.

मधल्या सीटबद्दल दोन गाड्यांची दोन उत्तरे आहेत. क्रायस्लरने २००५ च्या मॉडेलपासून दुसऱ्या रांगेच्या सीटही तळात गडप होतील अशी सोय दिली. त्यासाठी गादी पातळ ठेवावी लागते. आताच्या सिएनात दुसऱ्या रांगेची सीट आरामशीर आहे, पण तिच्यात एअरबॅग असल्याने ती मालकाने काढायची नाही. लांब सामान नेणाऱ्याला पहिली बरी, लांबचा प्रवास करणाऱ्याला दुसरी.

सुरक्षिततेत एसयूव्हीची उंची अनेकांना आश्वासक वाटते. उंच बसल्यावर लांबचे दिसते, हे खरे. गाडी उलटण्याचा धोका मात्र उंचीबरोबर वाढतो आणि त्याचे गणित सोपे आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचे अर्धे घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. चाकांमधले अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर असेल तर उत्तर १.२३ येते. तोच ७५ सेंटिमीटरवर गेला तर १.०७. आकडा जितका लहान, तितकी गाडी चटकन कलते. गाडी घसरू लागली की आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे, पण सात माणसे आणि छतावर सामान चढले की गुरुत्वमध्य आणखी वर जातो. एसयूव्हीत डिकी पुरत नाही म्हणून छतावर बॉक्स लावणारे नेमके हेच करतात. छताची मर्यादा बऱ्याच गाड्यांत ७५ ते १०० किलोंच्या घरात असते आणि तीत बॉक्सचे वजनही धरायचे असते.

समोर काय दिसत नाही, हेही बघा. उंच, चौकोनी बॉनेटच्या पुढे उभे असलेले तीन-चार वर्षांचे मूल चालकाला दिसत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड सुमारे १०० सेंटिमीटरहून उंच आहे, त्यांची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. तुलना होती सुमारे ७५ सेंटिमीटरपर्यंतच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांशी. मिनीव्हॅनचे नाक आखूड आणि उतरते असते. घराच्या दारात, शाळेच्या फाटकापाशी हा फरक फार मोठा आहे.

पण मिनीव्हॅन म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही समजू नये. त्याच संस्थेने त्याच वर्षी मागे बसणाऱ्यांच्या संरक्षणावर भर देणारी समोरासमोरच्या टकरीची नवी चाचणी चार प्रमुख मिनीव्हॅनवर केली: पॅसिफिका, कार्निव्हल, ओडिसी आणि सिएना. एकीलाही वरच्या दोन श्रेणी मिळाल्या नाहीत. कुटुंबाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांकडून ही उणीव मुळीच मान्य करण्यासारखी नाही. म्हणून मागच्या सीटच्या बेल्टला प्रीटेन्शनर (टकरीत बेल्ट लगेच ताणणारा) आणि लोड लिमिटर (छातीवरचा ताण मर्यादित ठेवणारा) आहेत का, मागच्यांनी बेल्ट लावला नाही तर चालकाला सूचना मिळते का आणि पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. तिसऱ्या रांगेचा हेडरेस्ट निदान कानाच्या वरच्या टोकापर्यंत यायला हवा.

एसयूव्ही कुणी घ्यावी? ज्याचा रोजचा रस्ता कच्चा, चिखलाचा किंवा खडकाळ आहे, आणि ज्याला जड ट्रेलर ओढायचा आहे, त्याने. सिएनाची ओढण्याची मर्यादा सुमारे १,५८५ किलो, हायब्रिड नसलेल्या हायलँडरची सुमारे २,२६५, आणि लॅडर फ्रेमच्या मोठ्या गाड्या तीन टनांपलीकडे जातात. मिनीव्हॅनचा ग्राउंड क्लिअरन्स कमी आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर तीन मीटरच्या आसपास, त्यामुळे उंच गतिरोधकावर पोट घासते, आणि गाडी भरलेली असेल तर मागून आणखी खाली बसते. अशा ठिकाणी गतिरोधक अगदी सावकाश ओलांडावा. निसरड्या पण पक्क्या रस्त्यासाठी मात्र चारही चाकांचा जोर हे एसयूव्ही घेण्याचे कारण होऊ शकत नाही. तो निघताना मदत करतो, थांबताना नाही. थांबवतात ते टायर.

टायरवरून आठवले. तळातल्या खड्ड्याने स्टेपनीची जागा खाल्लेली असते. काही मिनीव्हॅनमध्ये ती गाडीच्या मध्याखाली टांगलेली असते, काहींत नसतेच, फक्त पंक्चरचे द्रावण आणि छोटा पंप मिळतो. टायरच्या बाजूची भिंत फाटली तर त्या द्रावणाचा काही उपयोग नाही. भारवाहनाची मर्यादाही दाराच्या खांबावरच्या पट्टीवर बघावी. सरासरी ६५ किलोंची सात माणसे म्हणजे ४५५ किलो, त्यात १०० किलो सामान धरले की ५५५. अनेक गाड्यांची मर्यादा याच्या जवळपासच असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा दिलेला असेल तर निघण्यापूर्वी तेवढी हवा भरा. कमी हवेवर भरलेली गाडी वेगात पळवली की टायर तापतो आणि फुटतो तो बहुधा मागचाच.

शोरूममध्ये जाताना टेप, चाइल्ड सीट, घडीची बाबागाडी आणि घरातली सगळ्यात मोठी बॅग बरोबर न्या. घरातली सगळी माणसेही न्या. प्रत्येकाला त्याच्या जागी बसवा, तिसऱ्या रांगेतल्याला दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय बाहेर यायला सांगा, आणि मग सगळ्यांसह निदान अर्धा तास गाडी चालवा. तिसऱ्या रांगेत एसीची हवा पोहोचते का, हेही त्यातच कळेल.

आपल्यालाही एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत सहा किंवा सात सीटच्या गाडीचे परीक्षण छापताना चार गोष्टी न चुकता द्याव्यात: तिसरी रांग उभी असताना डिकीची खोली सेंटिमीटरमध्ये, तिसऱ्या रांगेत गादीची तळापासूनची उंची, चाइल्ड सीट लावलेली असताना मागे जाता येते की नाही, आणि स्टेपनी आहे की नाही. या चार नोंदींना पाच ओळी पुरतील.

आपला,
एक वाचक